पाट्या उडाल्या त्या वर्षी

कोरालिटोसच्या वरच्या अंगाला, जिथे समुद्राचं धुकं
दुपार कलेपर्यंत रेडवुडच्या कमरेशी घुटमळतं,
व्हर्ना पिकेटच्या काचघरात
अठ्ठावीस कुंड्यांवरची नावं एका उन्हाळ्यात उडाली.
मार्कर स्वस्तातला. खरेदी माझी.

व्हर्ना रागावली नाही. तेच जास्त लागलं.
चष्मा पुसला, परत पुसला, म्हणाली,
"युसेबियोला हाक मार. माझं नाक गेलंय."

दोन हिवाळ्यांमागच्या तापात गेलं ते.
तेव्हापासून ती कॉफी पिते ती गरम असते म्हणून.

युसेबियो आला खालच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतून,
बोटांची पेरं लाल.
मूळचा वाहाकाच्या डोंगरातला.
तिथे त्याची आई मक्याच्या ओळींआड दोन-चार झाडं राखायची,
पाला दारूत भिजवून गुडघ्यांना चोळायला.
काचघरात शिरताना त्यानं टोपी काढली,
कुणाच्या घरी जाताना काढतात तशी.

बघून कळण्यातलं काही नव्हतं.
सगळीच शेलाटी, सगळीच छताला टेकलेली,
पानांची बोटं हडकुळी,
फुलोरा विरळ, मधून वारा जाईल असा.
मी म्हटलं, "सगळ्या सॅटिवाच ना?"
"हेझ तेवढी सॅटिवा," व्हर्ना म्हणाली,
"पण सॅटिवा तेवढी हेझ नव्हे."

तो देठ चोळायचा, डोळे मिटायचा, पुढे सरकायचा.
पहिल्या अकरा:
"ओलं पाइनचं लाकूड. लिंबाची साल.
परत तेच. परत तेच.
बहिणी आहेत. एका डोंगराच्या."
पुढच्या चौघींना बडीशेपेचा वास.
"दर्बानच्या," व्हर्ना मागून म्हणाली,
हरवलेला मोजा सापडावा तशी.

आणि मग बारा, ज्यांचं एकमेकींशी पटत नव्हतं.
एकीला चर्चमधला धूप,
दुसरीला कुटलेली मिरी,
तिसरीला घाम येईतो मुठीत धरलेलं नाणं.
"ह्याही बहिणीच म्हणता?" युसेबियो म्हणाला.
"एक चेहरा जुळत असेल तर शपथ."

व्हर्ना कधी नव्हे ती मोठ्यानं हसली.
"ही हेझ. तिला गाव नाही.
कोलंबियाचं कुणी, मेक्सिकोचं कुणी,
थायलंडचं, केरळचं. म्हणतात असं.
लग्नाला साक्षीदार नव्हता,
आणि असलाच तर शुद्धीवर नव्हता."

अठ्ठाविसावीपाशी तो थांबला.
वर धूप होताच. पण धुपाच्या खाली,
खूप खाली, त्याला लागली
आईची गुडघ्यांची बाटली.
टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला.
"हिच्यात आमच्याकडचं कुणीतरी आहे."

"असेल," व्हर्ना म्हणाली.
"माझ्या रॉसनं बिया घेतल्या होत्या
एका फळांच्या ट्रकवाल्याकडून.
एक जुना रेडिओ दिला बदल्यात.
नाव नाही विचारलं."
मग जरा वेळानं,
"तेव्हा कुणी विचारत नसे."

डोंगराच्या बहिणी नोव्हेंबरात कापून झाल्या.
दर्बानच्या तर त्याच्याही आधी.
हेझ उभीच.
ख्रिसमस गेला, तिचं अजून चाललंय,
चार मुलखांचं घड्याळ एकाच अंगात,
एकही वेळेवर नाही.
हीटरचं बिल येतं,
व्हर्ना ते न फोडता फ्रीजवर चुंबकाखाली लावते.

सकाळी धुकं काचेला टेकतं,
आत बाहेर एकच रंग.
ती विचारते, "आज कशी?"
मी सांगते: धूप. संत्र्याची जळकी साल.
"आणि खाली?"
खाली मला काही लागत नाही.
मी देठ पुन्हा चोळते. तिला वाटावं की मी शोधतेय.

नवा मार्कर अकरा डॉलरचा, उन्हाला न बधणारा.
सत्तावीस पाट्या माझ्या अक्षरात.
अठ्ठाविसावी युसेबियोनं लिहिली,
आईच्या बोलीत, तीन शब्द.
आम्हा दोघींना वाचता येत नाहीत.
व्हर्नानं अजून त्याला विचारलेलं नाही.
मीही नाही.